खेळाडूंचे मद्यसेवन : एक विकार आणि त्याची नावे

१. विषयप्रवेश

खेळाडूंच्या मद्यपानाविषयी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, हे प्रथमदर्शनी काहीसे अप्रस्तुत वाटेल. हा विषय वैद्यकाचा, मानसशास्त्राचा किंवा फार तर शारीरिक शिक्षणाचा, असा आक्षेप सहज घेता येईल. परंतु या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचे निदान बव्हंशी शब्दांवरच अवलंबून असते. क्षयरोग्याचा कफ तपासता येतो, अस्थिभंगाचे चित्र घेता येते; मद्यविकाराचे निदान मात्र रुग्णास काय विचारले व त्याने काय उत्तर दिले यावरूनच प्रामुख्याने करावे लागते. विचारणाऱ्याचे शब्द चुकले, अथवा उत्तर देणाऱ्याच्या भाषेत स्वतःच्या स्थितीसाठी शब्दच नसला, तर विकार असूनही तो नसल्यासारखा होतो. स्पर्धात्मक क्रीडाक्षेत्रात ही गोष्ट वारंवार घडलेली दिसते. प्रस्तुत लेखात तिची कारणे तपासून पाहावयाची आहेत.

विवेचनासाठी मुख्यतः इंग्लंडमधील फुटबॉलचे उदाहरण घेतले आहे. तेथील अनेक खेळाडूंनी आपल्या मद्यविकाराची कथा स्वतः प्रसिद्ध केली असल्यामुळे, कोणाच्या खाजगी आयुष्यात डोकावल्याचा दोष न पत्करता या विषयाचा विचार करता येतो.

२. संज्ञांचा इतिहास

मराठीत या विकारासाठी रूढ असलेला शब्द 'व्यसन' हा होय. 'वि' हा उपसर्ग व फेकणे या अर्थाचा 'अस्' हा धातू यांपासून तो बनला आहे. मनुष्यास त्याच्या हितापासून दूर फेकून देते ते व्यसन, असे त्याचे निर्वचन कौटिल्याने अर्थशास्त्रात केले आहे. त्यामुळे मूळ संस्कृतात या शब्दाचा अर्थ बराच विस्तृत आहे; दुष्काळ, पूर किंवा परचक्र हीदेखील राज्याची व्यसनेच. राजाच्या कामज व्यसनांत कौटिल्य मृगया, द्यूत, स्त्रिया व पान या चौघांची गणना करतो. विशेष लक्षणीय गोष्ट ही की, मृगया व द्यूत यांची तुलना करताना तो मृगयेची बाजू घेतो; तीत व्यायाम घडतो, मेद व कफ झडतात आणि लक्ष्यवेधाचा अभ्यास होतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे शारीरिक खेळ आणि मद्यपान या दोन गोष्टी प्राचीन काळी एकाच यादीत होत्या. आज आपण पहिलीस गुणांच्या व दुसरीस दोषांच्या यादीत घालतो, आणि या दोन्ही याद्यांत एकच मनुष्य असू शकेल हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

मराठीत 'व्यसन' शब्दातील 'आपत्ती' हा अर्थ लोपला आणि 'दुर्गुण' हा अर्थ उरला. व्यसन 'लागते' असे आपण म्हणतो; या क्रियापदात मनुष्याचे कर्तृत्व गौण आहे. परंतु 'व्यसनी' हे विशेषण लावताच सर्व दोष त्या मनुष्याकडे जातो. एकाच शब्दकुलात दया आणि निंदा अशा रीतीने शेजारी नांदतात.

इंग्रजीतील 'अ‍ॅडिक्शन' या शब्दाचा उगम निराळा आहे. रोमन कायद्यात न्यायाधीशाच्या निर्णयाने धनकोच्या ताब्यात दिलेल्या ऋणकोस 'अ‍ॅडिक्टस' म्हणत. येथे मूळ कल्पना दुर्गुणाची नसून ताबा जाण्याची आहे. रोग या नात्याने या स्थितीस स्वतंत्र नाव १८४९ साली स्वीडनमधील वैद्य मॅग्नस हुस याने दिले. 'अल्कोहोलिझम' ही संज्ञा त्याची. १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 'अ‍ॅडिक्शन'ऐवजी 'अवलंबन' या अर्थाची संज्ञा वापरण्याची शिफारस केली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात 'गैरवापर' आणि 'अवलंबन' असे दोन वेगळे विकार मानले होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते भेद मोडून 'मद्यसेवन-विकार' अशी एकच संज्ञा स्वीकारण्यात आली. या विकाराची अकरा लक्षणे सांगितली असून एका वर्षाच्या अवधीत त्यांपैकी दोन आढळली तरी निदान होते. दोन-तीन असता सौम्य, चार-पाच असता मध्यम व सहा किंवा अधिक असता तीव्र.

या बदलाचे महत्त्व केवळ परिभाषेपुरते नाही. पूर्वीच्या संज्ञा 'आहे किंवा नाही' अशा द्विभाजनाच्या होत्या. नवी संज्ञा श्रेणींची आहे. मनुष्य रसातळास जाईपर्यंत वाट न पाहता पहिल्या पायरीवरच त्याच्या स्थितीस नाव देण्याची सोय तीत आहे, आणि खेळाडूच्या बाबतीत हीच सोय सर्वांत मोलाची ठरते. ती का, हे पुढे स्पष्ट होईल.

३. मद्यप्याची प्रतिमा

कोणत्याही शब्दाचा अर्थ आपण व्याख्येपेक्षा नमुन्यावरून अधिक जाणतो. 'पक्षी' म्हटले की चिमणी-कावळा डोळ्यांपुढे येतो, शहामृग येत नाही. 'दारुड्या' या शब्दाचा मराठी मनातील नमुना राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाने दृढ केला. बुद्धिमान वकील सुधाकर पहिल्या प्याल्यापासून उत्तरोत्तर खाली जातो. त्याचा व्यवसाय, मान, संसार व देह यांचा नाश प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. त्याच नाटकातील 'तळीराम' हे विशेषनाम पुढे सामान्यनाम होऊन वृत्तपत्रांच्या मथळ्यांत शिरले. या नमुन्याचे मर्म असे की, त्यात विकार आणि ऱ्हास यांची गती एकच असते. जितके मद्य अधिक, तितकी कर्तबगारी कमी.

खेळाडू या नमुन्यात बसत नाही. त्याचे शरीर तरुण, कसलेले आणि झपाट्याने भरून येणारे असते. रात्री तो बेसुमार प्याला तरी दोन दिवसांनी मैदानावर उभा राहतो, गोल करतो, बळी घेतो. पाहणाऱ्यास वाटते, याला कसले व्यसन? आणि तोही स्वतःस तेच सांगतो. निदानाच्या अकरा लक्षणांपैकी, कामधंद्यातील कर्तव्यांत व्यत्यय येणे हे एक आहे. सामान्य माणसात हे लक्षण इतरांच्या नजरेस लवकर येते. खेळाडूत ते फार उशिरा दिसते, कारण शरीराची शिल्लक मोठी असते आणि संघाची व्यवस्था त्याच्या चुका झाकून घेते.

४. शरीरात काय घडते

ही शिल्लक खर्च होत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून सुमारे ७ कॅलरी उष्णता मिळते, परंतु ती स्नायूंच्या कामास थेट उपयोगी पडत नाही. यकृत सर्वसाधारणतः ताशी ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. व्यायाम केल्याने, घाम गाळल्याने किंवा थंड पाण्याने स्नान केल्याने हा वेग लक्षणीय वाढत नाही. 'घामावाटे दारू काढून टाकू' ही खेळाडूंतील समजूत निराधार आहे.

मद्यामुळे मूत्रनियंत्रण करणाऱ्या अंतःस्रावास अटकाव होऊन शरीरातील पाणी अधिक बाहेर पडते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या शिरेफ्स व मॉन यांच्या प्रयोगात, व्यायामानंतर घेतलेल्या पेयात ४ टक्के मद्यार्क असल्यास शरीरातील द्रवाची भरपाई मंदावते असे दिसून आले. २०१४ मध्ये पार व त्याच्या सहकाऱ्यांनी आठ व्यायामशील पुरुषांवर केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. कठोर व्यायामानंतर देहभाराच्या दर किलोग्रॅमला १.५ ग्रॅम मद्यार्क दिला असता स्नायूंतील प्रथिननिर्मिती, केवळ प्रथिने घेतली असतानाच्या मानाने, प्रथिनांसह मद्य घेतल्यास २४ टक्क्यांनी व कर्बोदकांसह घेतल्यास ३७ टक्क्यांनी घटली. म्हणजे सामन्यानंतरच्या ज्या घटकांत शरीर स्वतःची डागडुजी करते, नेमक्या त्याच घटकांत मद्य त्या कामास खीळ घालते. यात निद्रेचा बिघाड व दुखापत बरी होण्यातील विलंब यांची भर पडते. हा तोटा एका सामन्यात दिसत नाही. तो कारकिर्दीच्या लांबीत दिसतो.

५. इंग्लिश फुटबॉलचे उदाहरण

जॉर्ज बेस्ट याने १९६८ साली मँचेस्टर युनायटेडला युरोपियन चषक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि त्याच वर्षी तो युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. जानेवारी १९७४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तो संघ त्याने कायमचा सोडला. २००२ मध्ये त्याच्यावर यकृतरोपण झाले. त्यानंतरही त्याचे मद्यपान सुटले नाही आणि २५ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो निवर्तला. त्याच्या हयातीत वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन करताना रंगेल, स्वच्छंदी, दिलदार अशा अर्थाची विशेषणे मुक्तहस्ताने वापरली. यांतील एकही विशेषण रुग्णास लावण्याजोगे नाही. इंग्लंडकडून ५७ सामन्यांत ४४ गोल करणारा जिमी ग्रीव्ह्ज याने मात्र आपल्या मद्यविकाराची कबुली दिली, मद्य सोडले आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तो २०२१ पर्यंत जगला.

आर्सेनल संघाचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स याचे उदाहरण आपल्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. १९८८ साली, अवघ्या २१ व्या वर्षी, त्याच्याकडे संघाचे नेतृत्व आले आणि पुढच्याच वर्षी संघाने लीगचे विजेतेपद मिळविले. मे १९९० मध्ये मद्याच्या अमलाखाली मोटार चालवून ती त्याने एका भिंतीवर आदळली. डिसेंबरमध्ये त्यास चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सुमारे दोन महिन्यांनी तो सुटला. त्या १९९०-९१ च्या हंगामात आर्सेनलने पुन्हा विजेतेपद पटकावले. कर्णधारपद त्याच्याकडेच राहिले. न्यायालयाने अपराधास नाव दिले, विकारास कोणीच दिले नाही. संघ जिंकत होता, मग नाव देण्याची निकड कोणास वाटणार?

त्या काळी त्या संघातील काही खेळाडूंची 'ट्यूज्डे क्लब' म्हणून ओळखली जाणारी एक मंडळी होती. बुधवारी सुटी असल्यामुळे मंगळवारचा सराव आटोपला की ही मंडळी पिण्यास बसत असे. या नावात मद्याचा उल्लेख नाही. वार आणि मंडळ एवढेच दोन निरुपद्रवी शब्द आहेत. मराठी वाचकास यात नवल वाटू नये. 'आज बसू या का?' या वाक्यातील 'बसणे' आणि 'आपण घेता का?' या वाक्यातील कर्मरहित 'घेणे' ही त्याच जातीची रूपे होत. अशा शब्दयोजनेत कृतीपेक्षा सोबत पुढे येते. संघभावना हा खेळाचा प्राण असल्यामुळे, जो मंडळात बसत नाही तो संघाचाच नव्हे अशी भावना होते आणि न पिणे हाच अपवाद ठरतो.

नोव्हेंबर १९९४ मध्ये त्याच संघातील पॉल मर्सन याने मद्य, कोकेन व जुगार यांच्या आहारी गेल्याचे जाहीररीत्या सांगितले व तो उपचारांस गेला. अ‍ॅडम्सला आणखी दोन वर्षे लागली. १९९६ च्या युरोपियन स्पर्धेत तो इंग्लंडचा कर्णधार होता. उपान्त्य सामन्यातील पराभवानंतर त्याचे मद्यपान कित्येक आठवडे चालू राहिले. ऑगस्टमध्ये ते थांबले आणि सप्टेंबरमध्ये आपण मद्यविकारी आहो असे त्याने सहकाऱ्यांस व नंतर जाहीरपणे सांगितले.

ऑस्टिन या तत्त्वज्ञाने ज्यांस कृतिरूप उक्ती म्हटले, त्यांच्याशी या विधानाचे नाते आहे. 'मी शपथ घेतो' असे म्हणणे हीच जशी शपथ घेण्याची कृती, तसे 'मी मद्यविकारी आहे' हे म्हणणे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन राहत नाही; ते उच्चारणारा उपचार पत्करतो. १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संस्थेच्या पद्धतीत या उच्चारास मध्यवर्ती स्थान आहे, ते यामुळेच. अ‍ॅडम्स त्यानंतर सहा वर्षे खेळला; १९९८ व २००२ या दोन्ही वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग व एफ. ए. चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळविली. १९९८ च्या त्याच्या आत्मकथनाचे 'अ‍ॅडिक्टेड' हे नाव त्या रोमन ऋणकोची आठवण करून देते. २००० साली त्याने खेळाडूंच्या उपचारांसाठी 'स्पोर्टिंग चान्स' ही संस्था स्थापिली.

६. एकच द्रव्य, अनेक भूमिका

खेळाडूच्या संदर्भात मद्याकडे केवळ विकाराच्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यतीचा विजेता थॉमस हिक्स यास शर्यत चालू असताना स्ट्रिक्नीन व अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग यांबरोबर ब्रँडी पाजण्यात आली होती. तेव्हा ती शक्तिवर्धक मानली जाई. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा हान्स-गुन्नर लिल्येनवाल याने आधुनिक पंचक्रीडेतील नेमबाजीपूर्वी हात स्थिर राहावा म्हणून बिअर घेतली. त्याच्या रक्तात मद्यार्क आढळला, तो अपात्र ठरला आणि संघाचे कांस्यपदक गेले. ऑलिंपिकच्या इतिहासात द्रव्यसेवनासाठी अपात्र ठरलेला तो पहिला खेळाडू होय. पुढे काही मोजक्या खेळांपुरते मद्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत होते. १ जानेवारी २०१८ पासून ते त्या यादीतून वगळण्यात आले व नियमनाचे काम त्या त्या खेळाच्या महासंघांकडे सोपविले गेले. यादीतून नाव जाण्याचा अर्थ 'निर्धोक' असा नव्हे. ती यादी स्पर्धेतील अन्याय रोखण्यासाठी आहे, स्पर्धकाचे यकृत राखण्यासाठी नाही. वाचकांनी या दोन प्रयोजनांची गल्लत करू नये.

मद्याची आणखी एक भूमिका प्रायोजकाची. फ्रान्सने १९९१ च्या एव्हँ कायद्याने मद्योत्पादकांच्या क्रीडाप्रायोजकत्वास बंदी केली. परिणामी एका बिअरचे नाव धारण करणारी युरोपियन रग्बी स्पर्धा फ्रान्समध्ये केवळ 'एच कप' म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतात मद्याच्या जाहिरातींस दूरदर्शन-वाहिन्यांवर बंदी असली तरी २००८ साली बंगलोरच्या क्रिकेट संघास एका व्हिस्कीच्या नावावरून नाव देण्यात आले. शब्द तोच, निर्देश बदलला. आणि घोषणा देणाऱ्या लहान मुलांच्या मुखी ते नाव बसले. न्यूझीलंडमधील ओब्रायन व कायप्री यांच्या २००८ च्या पाहणीत, मद्यव्यवसायाकडून साहाय्य मिळणाऱ्या खेळाडूंत घातक मद्यपान अधिक असल्याचे आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु संबंध दुर्लक्षणीय नाही.

७. प्रश्न कसा विचारावा

'तो पितो' हे मराठी वाक्य कर्मावाचून उच्चारले की त्याचा अर्थ 'तो दारू पितो, व नित्य पितो' असा होतो. आपल्या भाषेत मद्यविकाराची कल्पना अशी रीतिवर्तमानाशी जखडलेली आहे. खेळाडूचे मद्यपान बहुधा या काळात बसत नाही. हंगामात तो आठवडाभर थेंबही घेत नाही आणि सामन्यानंतर, विजयोत्सवात किंवा हंगाम संपल्यावर एका बैठकीत अतोनात पितो. 'तू नेहमी पितोस का?' या प्रश्नास तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या वेक्स्लर यांनी १९९३ ते २००१ या काळात अमेरिकन महाविद्यालयांत केलेल्या पाहण्यांत म्हणूनच एका बैठकीतील प्रमाण विचारले होते. पुरुषांसाठी पाच व स्त्रियांसाठी चार पेले ही मर्यादा धरली होती. त्यांत खेळाडू विद्यार्थ्यांतील अतिपान इतरांपेक्षा अधिक आढळले, आणि तेही त्यांना मद्याच्या दुष्परिणामांचे शिक्षण इतरांहून अधिक मिळत असूनही. केवळ उपदेशाने काम भागत नाही, हा या निष्कर्षाचा बोध.

जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची चाचणी याच दृष्टीने उपयुक्त आहे. तीत किती वेळा, एका खेपेस किती, थांबता आले का, दुसऱ्या दिवशी स्मरण राहिले का, कोणी चिंता व्यक्त केली का, असे प्रश्न असून गुण ० ते ४० असतात. ८ किंवा अधिक गुण धोक्याचे समजतात. तिचे मराठीकरण करताना काळ व अर्थ यांच्या रूपांची निवड काळजीपूर्वक करावी लागेल. 'पिता का?' आणि 'एका बैठकीत किती झाले होते?' हे दोन प्रश्न व्याकरणदृष्ट्या जितके भिन्न, तितकीच त्यांची उत्तरेही भिन्न येतील.

परिभाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. 'मद्याचा गैरवापर' या रूढ होऊ लागलेल्या संज्ञेत मद्याचा काही योग्य वापर आहे असे गृहीत धरले जाते आणि दोष वापरणाऱ्याच्या हेतूकडे जातो. त्याऐवजी 'मद्यसेवन' ही तटस्थ, 'अपायकारक मद्यसेवन' ही मधल्या पायरीची, 'मद्यावलंबन' ही शेवटच्या पायरीची आणि या सर्व श्रेणींतील रोगावस्थेसाठी 'मद्यसेवन-विकार' अशी संज्ञामाला स्वीकारावी. 'व्यसनी' व 'दारुड्या' हे शब्द बोलीतून जाणार नाहीत, जाण्याचे कारणही नाही. परंतु प्रश्नावली, वैद्यकीय अहवाल व क्रीडासंस्थांचे नियम यांत त्यांस स्थान असू नये. शिस्तभंगाच्या नियमावलीत ज्याचे नाव आहे तो खेळाडू आपली स्थिती लपवील. वैद्यकीय साहाय्याच्या नियमावलीत ज्याचे नाव आहे तो निदान विचारावयास तरी येईल.

८. समारोप

बेस्ट, ग्रीव्ह्ज व अ‍ॅडम्स हे तिघेही असामान्य खेळाडू होते, आणि तिघांच्याही मद्यविकारास प्रारंभी सभोवतालच्या भाषेत जागा नव्हती. पैकी दोघांनी तो शब्द स्वतः उच्चारला. यावरून शब्द उच्चारला म्हणजे मनुष्य बरा होतो असा सिद्धान्त काढणे धाडसाचे होईल. बेस्टलाही आपल्या स्थितीची जाणीव नव्हती असे नाही. इतके मात्र म्हणता येईल की, नावावाचून उपचारास आरंभ होत नाही. विद्यापीठाच्या मैदानावर रोज सायंकाळी सरावास येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्यास ते नाव वेळीच मिळावे, आणि ते निंदेचे नसावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. तीत वैद्याइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही वाटा असावयास हवा.